लाँग-शॉर्ट इक्विटी फंडाचा परफॉर्मन्स कसा वाचायचा: एसआयएफमध्ये १० लाख टाकण्याआधीची पूर्ण तपासणी

"सर, मार्केट पडलं तरी हा फंड कमावतो" असं वाक्य २०२५ च्या दिवाळीच्या आसपास बऱ्याच जणांनी फोनवर ऐकलं असेल, कारण सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे म्युच्युअल फंड कंपन्यांचे एसआयएफ, म्हणजे स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड, बाजारात यायला लागले. क्वांटचा क्यूएसआयएफ, एसबीआयचा मॅग्नम, एडलवाइजचा अल्टिवा, टाटाचा टायटेनियम अशी नावं तुमच्या कानावर आलीच असतील. त्यातला इक्विटी लाँग-शॉर्ट हा प्रकार सगळ्यात जास्त गैरसमजाचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितोय. पैसे टाका किंवा टाकू नका असं मी सांगणार नाही, पण फॅक्टशीटवरचा एक रिटर्नचा आकडा बघून १० लाखाचा निर्णय घेऊ नका एवढं मात्र कळकळीने सांगतो. हा फंड रिटर्नवरून कळतच नाही, तो कळतो नेट एक्स्पोजरवरून, म्हणजे वाढीवर लावलेल्या पैशातून मंदीवर लावलेले वजा केल्यावर जो टक्का उरतो त्यावरून.

आधी लाँग आणि शॉर्ट म्हणजे नक्की काय

लाँग तर आपण सगळेच करतो, शेअर घ्यायचा आणि वाढायची वाट बघायची. शॉर्ट म्हणजे मंदीचा सौदा, आधी विकायचं आणि नंतर खाली घ्यायचं. आपल्याकडे साध्या गुंतवणूकदाराला कॅशमध्ये शॉर्ट फक्त त्या दिवसापुरतं करता येतं, आणि शेअर उसने घेऊन विकायची एसएलबीची सोय २००८ पासून आहे पण तिथं व्हॉल्यूम फारच कमी, त्यामुळे फंड मॅनेजर शॉर्ट करतो ते फ्युचर्स आणि ऑप्शन्समधून, म्हणजे शेअरच्या पुढच्या तारखेच्या भावावरच्या करारांमधून, यांनाच डेरिव्हेटिव्हज म्हणतात. एसआयएफला तर शॉर्ट एक्स्पोजर डेरिव्हेटिव्हजमधूनच घ्यायचं असतं.

ही कल्पना जुनी आहे. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड विन्स्लो जोन्स नावाच्या समाजशास्त्राच्या अभ्यासकाने १ लाख डॉलरचा फंड उभा केला, त्यातले ४० हजार त्याचे स्वतःचे होते, आणि तो चांगले वाटणारे शेअर घ्यायचा आणि कमजोर वाटणारे शॉर्ट करायचा. त्याचा हेतू मंदीत पैसे छापणं हा नव्हता. बाजाराची दिशा चुकली तरी शेअर निवडायचं कसब कामी यावं एवढंच त्याला हवं होतं, आणि म्हणून तो आपलं बाजाराशी नातं किती आहे हे सतत मोजत राहायचा. आज आपल्यालाही तेच मोजायचंय.

पायरी १: सेबीच्या मर्यादा पाठ करा

हे कंटाळवाणं वाटेल पण फोनवरच्या अर्ध्या बाता इथंच गळून पडतात. सेबीचं परिपत्रक २७ फेब्रुवारी २०२५ चं आहे आणि नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. इक्विटी बाजूला तीन प्रकार आहेत.

- इक्विटी लाँग-शॉर्ट: किमान ८०% इक्विटी आणि इक्विटीशी संबंधित साधनांत.
- इक्विटी एक्स-टॉप १०० लाँग-शॉर्ट: पहिल्या १०० मोठ्या कंपन्या सोडून बाकीच्या शेअरमध्ये किमान ६५%.
- सेक्टर रोटेशन लाँग-शॉर्ट: जास्तीत जास्त ४ सेक्टर, त्यात किमान ८०%.

तिन्हींमध्ये अनहेज्ड शॉर्टची, म्हणजे हातात तो शेअर नसताना केलेल्या मंदीच्या सौद्यांची, मर्यादा २५%. आणि एकूण ग्रॉस एक्स्पोजर, म्हणजे लाँग आणि शॉर्टची बेरीज, फंडाच्या नेट ॲसेटच्या १००% च्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे उधारीवर पोझिशन फुगवायला इथं जागा नाही.

आता हे २५% नीट डोक्यात बसवा. अमेरिकेतला हेज फंड १०० रुपयांवर १३० लाँग आणि ७० शॉर्ट करू शकतो, आपला एसआयएफ ते करू शकत नाही. समजा ७५ लाँग आणि २५ शॉर्ट, तरी नेट ५० शिल्लक राहतं, म्हणजे मॅनेजरने शॉर्टची सगळी मर्यादा वापरली तरी फंड बाजाराच्या बाजूनेच उभा आहे. हातातल्या शेअरवर हेजिंग करून, म्हणजे त्याच शेअरचे फ्युचर्स विकून, नेट आणखी खाली आणता येतं, ते या २५% मध्ये धरत नाहीत, पण हेज केलेला भाग जवळपास आर्बिट्राजसारखा, म्हणजे कॅश आणि फ्युचरच्या भावातल्या फरकाएवढंच कमावणारा, वागतो, त्यातून मोठी कमाई होत नाही. त्यामुळे "मार्केट पडलं की कमावणार" ही अपेक्षाच चुकीची आहे. बरोबर अपेक्षा अशी की मार्केट १० टक्के पडलं तर आपला फंड ४-५-६ टक्के पडावा, आणि चढलं तर निम्म्याहून बरंच जास्त पदरात पडावं.

एक्स-टॉप १०० वाल्यात एक वेगळी अडचण आहे. फ्युचर्स सुमारे दोनशे शेअरवरच मिळतात आणि त्यातले बरेच मोठ्या कंपन्यांचे. म्हणजे लाँग बाजूला मॅनेजरकडे शेकडो मिड आणि स्मॉलकॅप आहेत, पण शॉर्ट करायला मोजकीच नावं. स्मॉलकॅप एकदम कोसळले तर लाँग बाजूचे शेअर पडतील आणि शॉर्ट बाजूला भलतेच शेअर असतील, असं होऊ शकतं. हा प्रकार घेणार असाल तर शॉर्टमध्ये कुठली नावं बसतात हे विचाराच.

पायरी २: ग्रॉस आणि नेट कागदावर काढा

एक उदाहरण घेऊ, आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. फंडात तुमचे १० लाख. मॅनेजरने ८ लाखाचे शेअर घेतले, २ लाखाचे फ्युचर्स शॉर्ट केले, आणि उरलेले २ लाख मार्जिन (फ्युचर्ससाठी ठेवायची अनामत) आणि लिक्विड फंडात. ग्रॉस १००%, नेट ६०%.

बाजार १०% पडला. तुमचे लाँग शेअरही १०% पडले, म्हणजे ८० हजार गेले. शॉर्ट केलेले शेअर कमजोर होते, ते १५% पडले, ३० हजार आले. निव्वळ ५० हजार गेले, म्हणजे उणे ५%. आता नेट ६०% असताना बाजार १०% पडला तर उणे ६% अपेक्षितच होते. मॅनेजरने स्वतःच्या कसबाने मिळवलं ते फक्त १%, बाकीचं संरक्षण कमी एक्स्पोजरमुळे मिळालं.

बाजार १०% चढला. लाँग १२% वाढले, ९६ हजार आले. शॉर्ट केलेले ८% वाढले, १६ हजार गेले. निव्वळ ८० हजार, ८%. अपेक्षित ६%, कसबाचे २%. बघा, शॉर्टमध्ये इथं तोटा झालाय तरी शॉर्टने कामच केलंय, कारण ते शेअर बाजारापेक्षा कमी वाढले. त्यामुळे "शॉर्टमध्ये नुकसान झालं" एवढ्यावरून मॅनेजरला नावं ठेवू नका, तो शॉर्ट बाजाराच्या तुलनेत कसा वागला ते बघा.

हे गणित एकदा हाताने करा, स्क्रीनवर वाचून डोक्यात बसत नाही.

पायरी ३: स्वतःचा बेंचमार्क बनवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक लोक नेमकी हीच सोडतात. फॅक्टशीटवर फंडाची तुलना निफ्टी ५०० किंवा निफ्टी ५० च्या टीआरआयशी, म्हणजे डिव्हिडंड धरून काढलेल्या इंडेक्सशी, असते. चढत्या वर्षात फंड मागे दिसतो, पडत्या वर्षात पुढे दिसतो, आणि दोन्ही वेळा कळत काहीच नाही, कारण तुलनाच असमान आहे.

तुम्ही असं करा. फंडाचं सरासरी नेट एक्स्पोजर काढा, समजा ६०% आलं. मग ६०% साधा निफ्टी ५०० इंडेक्स फंड आणि ४०% लिक्विड फंड असं मिश्रण मनात धरा, हे मिश्रण कुणीही घरबसल्या कमी खर्चात बनवू शकतो. एखाद्या वर्षी इंडेक्सने १२% दिले आणि लिक्विडने ६.५%, तर मिश्रणाचे झाले ७.२ अधिक २.६, म्हणजे ९.८%. लाँग-शॉर्ट फंडाने सगळा खर्च वजा जाता ११% दिले असतील तर तो इंडेक्सच्या मागे राहूनसुद्धा छान काम करतोय. ९.५% दिले असतील तर तुम्ही जास्त फी देऊन जे घरी बनलं असतं तेच घेतलंय. आणि इंडेक्स उणे १०% असेल त्या वर्षी मिश्रण उणे ३.४% वर असतं, तेव्हा फंड उणे ५% वर असेल तर "बघा आम्ही मार्केटपेक्षा निम्मंच पडलो" हे ऐकायला गोड लागतं पण कामगिरी वाईटच म्हणायची.

टॅक्समुळे थोडा फरक पडतो तो लक्षात घ्या, लिक्विड फंडाच्या नफ्यावर स्लॅबने टॅक्स लागतो, त्यामुळे ३०% स्लॅबवाल्यासाठी हे मिश्रण कागदावर दिसतं त्यापेक्षा थोडं कमी फळतं. तरी तुलनेला हीच चौकट धरा.

सरासरी नेट कुठून मिळणार? फंडाला पोर्टफोलिओ डेरिव्हेटिव्हजसकट एक महिन्याआड जाहीर करावा लागतो. त्यात फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा वेगळा तक्ता असतो, शॉर्ट पोझिशन उणे चिन्हाने किंवा शॉर्ट असं लिहून दाखवतात. कॅशमधल्या शेअरचा टक्का आणि लाँग फ्युचर्सचा टक्का मिळवायचा, शॉर्ट फ्युचर्सचा वजा करायचा. ऑप्शन्स असतील तर हे ढोबळच निघेल, कारण ऑप्शनचा खरा परिणाम भावाप्रमाणे बदलत राहतो, पण ढोबळ आकडासुद्धा काहीच नसण्यापेक्षा खूप बरा. तीन-चार जाहीर केलेले पोर्टफोलिओ एका शीटमध्ये मांडलेत की मॅनेजरची सवय दिसायला लागते, कोणी नेट ५५ ते ६५ मध्ये ठेवतो तर कोणी एकदा ९० आणि दुसऱ्यांदा ४५ करतो. दुसरा माणूस शेअर निवडण्यापेक्षा बाजाराच्या दिशेवर पैज लावतोय, आणि दिशा वर्षानुवर्षं बरोबर ओळखणारे फार म्हणजे फारच थोडे असतात.

पायरी ४: एक्सेलमध्ये अर्धा तास बसा

ॲम्फीच्या (म्युच्युअल फंडांची संघटना) किंवा फंडाच्या साईटवरून एनएव्ही घ्या, एनएसई इंडायसेसच्या साईटवरून टीआरआय घ्या. टीआरआयच घ्यायचा, नुसता इंडेक्स नाही, नाहीतर डिव्हिडंड सुटतो आणि फंड उगाच भारी दिसतो. आठवड्याचे रिटर्न काढा, रोजचे घेतले तर गोंगाट फार आणि महिन्याचे घेतले तर या नव्या फंडांना पुरेसे आकडेच मिळत नाहीत.

मग स्लोप फंक्शनने बीटा काढा, म्हणजे इंडेक्स १% हलला तर फंड सरासरी किती हलतो तो आकडा, वाय मध्ये फंड आणि एक्स मध्ये इंडेक्स. पायरी ३ मधलं नेट आणि हा बीटा यांची गाठ घाला. नेट ६०% आणि बीटा ०.६ च्या आसपास असेल तर ठीक. नेट ६०% पण बीटा ०.८५ आला तर समजायचं की लाँग बाजूला जास्त उसळणारे शेअर भरलेत आणि शॉर्ट बाजूला शांत शेअर किंवा इंडेक्स आहे, म्हणजे कागदावरचं संरक्षण खोटं आहे आणि मोठ्या पडझडीत फंड अपेक्षेपेक्षा जास्त पडेल. मला विचाराल तर अख्ख्या तपासणीतला सगळ्यात उपयोगी इशारा हाच, आणि तो कुठल्याही जाहिरातीत दिसणार नाही.

नंतर अप आणि डाऊन कॅप्चर. इंडेक्स वर गेलेले आठवडे वेगळे, खाली गेलेले वेगळे, दोन्हीत फंडाची सरासरी भागिले इंडेक्सची सरासरी. ७० अप आणि ५० डाऊन असेल तर मस्त. ६० आणि ६० असेल तर ते नुसतं कमी एक्स्पोजर झालं, कसब शून्य. फक्त वर्षभराचे आकडे असतील तर त्यावर फार विश्वास टाकू नका, एवढ्या थोड्या आठवड्यांत नशीब आणि कसब वेगळं काढता येत नाही, निदान तीन वर्षं आणि त्यात एखादी खरी पडझड हवी.

पायरी ५: पडझडीची रंगीत तालीम

फंड नवे आहेत, मोठी मंदी त्यांनी बघितलेली नाही, मग आपणच जुनी मंदी त्यांच्यावर लावून बघायची. निफ्टी १४ जानेवारी २०२० ला १२,३६२ वर बंद झाला आणि २३ मार्च २०२० ला ७,६१० वर, म्हणजे जवळपास ३८% घसरण. नेट ६०% वाला फंड तेव्हा नुसत्या गणिताने २३% च्या आसपास पडला असता, १० लाखाचे साधारण ७ लाख ७० हजार. ३८% पडल्यावर मूळ जागी यायला ६१% चढावं लागतं आणि २३% पडल्यावर ३०%, लाँग-शॉर्टचा खरा फायदा या फरकात आहे. पण २३% ची घसरण पोटात घ्यायची तयारी नसेल तर हा फंड तुमच्यासाठी नाही, ज्याला "सेफ" म्हणून विकला असेल त्याने तर हा आकडा दोनदा वाचावा.

दुसरी तालीम वेगळ्या जातीची. जून २०२४ चा निवडणूक निकाल आठवा, ३ जूनला निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त वर आणि ४ जूनला जवळपास ६% खाली. अशा वेळी घाबरून पहिल्या दिवशी शॉर्ट कापून लाँग वाढवणारा मॅनेजर दोन्हीकडून मार खातो. फंडाच्या मीटिंगमध्ये किंवा वेबिनारमध्ये थेट विचारा, एका दिवसात एवढी उलथापालथ झाली तर तुमचे नियम काय सांगतात. उत्तर नियमांचं आलं तर ऐका, "आमची टीम बघून घेते" असं आलं तर थांबा. ऑफर डॉक्युमेंटमध्ये, त्याला इन्व्हेस्टमेंट स्ट्रॅटेजी इन्फर्मेशन डॉक्युमेंट म्हणतात, बाजार वेगवेगळा हलला तर काय होईल याची गणितं दिलेली असतात, ती पानं लोक उलटतच नाहीत, तुम्ही उलटा.

पायरी ६: शॉर्ट बाजूची जोखीम वेगळी समजून घ्या

लाँग घेतलेला १०० चा शेअर ५० झाला तर तुमच्या पोर्टफोलिओत त्याचा भाग लहान होतो. शॉर्ट केलेला १०० चा शेअर २०० झाला तर तोटा तर झालाच, वर ती चुकीची पोझिशन दुप्पट मोठी होऊन बसते. लाँगमध्ये जास्तीत जास्त सगळे पैसे जातात, शॉर्टमध्ये वरची मर्यादाच नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये सगळं जग मंदीत असताना फोक्सवॅगनचा शेअर दोन दिवसांत हजार युरोच्या वर गेला होता. पोर्शने जाहीर केलं की आपल्याकडे ४२.६% शेअर आणि वर ३१.५% चे ऑप्शन्स आहेत, लोअर सॅक्सनी राज्याकडे २०% च्या आसपास, म्हणजे बाजारात सुटे शेअर उरले ६% च्या आसपास आणि शॉर्ट त्याहून जास्त. सगळे एकाच वेळी कव्हर करायला, म्हणजे शॉर्ट केलेले शेअर परत घ्यायला, धावले. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या अमेरिकन कंपनीचा शॉर्ट केलेला शेअर असाच भडकला तेव्हा मेल्विन कॅपिटल हा अमेरिकन फंड एका महिन्यात ५३% खाली आला आणि २०२२ मध्ये बंद करायची पाळी आली.

आपल्याकडे २५% च्या मर्यादेमुळे आणि लिव्हरेज (उधारीवरची पोझिशन) नसल्यामुळे एवढं टोकाचं होणं अवघड आहे, ही मर्यादा मला म्हणूनच आवडते. तरी एकेका शेअरमध्ये किती शॉर्ट आहे हे बघा. २०% शॉर्ट दहा नावांत विभागलेला असणं आणि दोन नावांत असणं यात खूप फरक आहे. सगळा शॉर्ट निफ्टी फ्युचर्सचाच असेल तर मॅनेजर शॉर्टमध्ये शेअर निवडतच नाहीये, फक्त एक्स्पोजर कमी करतोय, आणि ते काम तुम्ही लिक्विड फंडात पैसे ठेवून फुकटात करू शकता. शेअर एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) बॅनमध्ये गेला, म्हणजे त्या शेअरच्या उघड्या सौद्यांची बाजारभरची मर्यादा ९५% च्या वर भरली, तर फक्त असलेली पोझिशन कमी करता येते, हीसुद्धा एक अडचण.

खर्चाचं थोडक्यात. फ्युचर्स दर महिन्याला रोल करावे लागतात, म्हणजे मुदत संपायच्या आत सौदा पुढच्या महिन्यात न्यावा लागतो. सहसा फ्युचर कॅशपेक्षा प्रीमियमवर असतं तेव्हा शॉर्ट करणाऱ्याला तो प्रीमियम मिळतो, बाजारात भीती असली की फ्युचर डिस्काउंटला जातं आणि तेव्हा शॉर्ट महाग पडतो, वर ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) आहेच.

पायरी ७: फी, टॅक्स, पैसे बाहेर काढणं

फीच्या बाबतीत एसआयएफला म्युच्युअल फंडाचेच खर्चाचे नियम आहेत, डायरेक्ट प्लॅन मिळतो, तोच घ्या, रेग्युलर घ्यायचा तर निदान डिस्ट्रिब्युटरने एनआयएसएमची (सेबीची प्रशिक्षण संस्था) डेरिव्हेटिव्हजची परीक्षा दिली आहे का ते विचारा, ती आवश्यक आहे. कॅटेगरी ३ एआयएफमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या हेज फंडासारख्या फंडात, किमान १ कोटी लागतात, वर नफ्यातला हिस्साही बऱ्याचदा द्यावा लागतो आणि टॅक्स फंडाच्या पातळीवरच कापला जातो, त्यामुळे दोघांच्या रिटर्नची तुलना करताना टॅक्सच्या आधीचा की नंतरचा हे नक्की बघा.

टॅक्समध्ये एसआयएफची बाजू खरोखर भक्कम आहे. इक्विटी प्रकारात १२ महिन्यांनंतर १२.५%, तेही वर्षाच्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर, आणि त्याआधी विकलं तर २०%. फंडाच्या आत कितीही फ्युचर्स फिरले तरी तुम्ही युनिट विकेपर्यंत टॅक्स नाही. तुम्ही स्वतः एफ अँड ओ केलं तर ते धंद्याचं उत्पन्न, स्लॅबने टॅक्स. आणि स्वतः करायचा विचार असेलच तर सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वाचा, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

किमान १० लाखाची अट पॅनवर आहे, एकाच फंड हाऊसच्या एसआयएफमधल्या सगळ्या स्ट्रॅटेजी मिळून. म्हणजे एकाच ठिकाणी ६ आणि ४ चालेल, दोन वेगळ्या फंड हाऊसमध्ये ५-५ चालणार नाही. बाजार पडून तुमचे ९ लाख झाले तर काही अडचण नाही, पण तुम्ही स्वतः काढून १० च्या खाली आलात तर ठरलेल्या मुदतीत भरपाई करावी लागते, नाहीतर उरलेलं सगळंच परत येतं. त्यामुळे ज्यातून मधेमधे थोडे थोडे काढायचेत असे पैसे इथं टाकायचे असतील तर १० च्या बरंच वर टाका नाहीतर टाकूच नका.

पैसे काढायची सोय फंडागणिक वेगळी. कुठं रोज, कुठं आठवड्यातून एक-दोन दिवस, आणि नोटीस पीरियड १५ कामाच्या दिवसांपर्यंत असू शकतो. मुलीच्या ॲडमिशनची किंवा फ्लॅटच्या हप्त्याची रक्कम इथं ठेवणाऱ्याने हे आधी वाचावं. रिस्क बँड १ ते ५ असा छापलेला असतो, तोही बघा.

किती टाकायचे

माझं मत सांगतो. ज्याची इक्विटी ५० लाखाच्या आत आहे त्याला या फंडाची गरज जवळपास नाही, त्याने इक्विटी आणि डेटचं प्रमाण नीट ठेवलं तरी तेच काम होतं, कारण १० लाख म्हणजे त्याच्या एकूण पैशाचा फार मोठा तुकडा एका मॅनेजरच्या हातात जातो. ज्याची रक्कम याहून बरीच मोठी आहे, आणि ज्याला पडझडीत झोप लागत नाही म्हणून तो तळालाच विकून मोकळा होतो, त्याला याचा उपयोग आहे. पैसे टाकायचे तर इक्विटीच्या भागातून टाका, एफडी मोडून नको. आणि एनएफओत (फंडाच्या पहिल्या विक्रीत) घाई करायचं काही कारणच नाही, फंड ओपन-एंडेड असेल तर सहा-आठ महिन्यांनी तोच फंड त्याच्या तीन-चार पोर्टफोलिओंसकट तुमच्यासमोर असेल, तेव्हा पायरी २ ते ४ खऱ्या आकड्यांवर करता येतील.